ओळ खोडताना

डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइड द्यावं, ही ओळ वैद्यकाच्या पुस्तकांत तीस-एक वर्षं टिकून होती. तिच्यामागचा विचार कुणालाही पटावा असाच होता. मार लागला की मेंदू सुजतो, स्टिरॉइडने सूज उतरते, तेव्हा स्टिरॉइड दिलेलं बरं. लहान लहान चाचण्या अधूनमधून होत होत्या, पण त्यांतून हो की नाही हे ठरत नव्हतं. अखेर लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमधल्या गटाने ‘क्रॅश’ नावाची मोठी चाचणी हाती घेतली. ४९ देशांतली २३९ रुग्णालयं तीत उतरली. बेत वीस हजार रुग्णांचा होता. १०,००८ झाले आणि मे २००४मध्ये चाचणी थांबवावी लागली. स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी १,०५२ जण दोन आठवड्यांच्या आत दगावले होते, न मिळालेल्यांपैकी ८९३. दोन्ही गट जवळपास सारख्याच संख्येचे होते. म्हणजे एका चाचणीपुरता फरक १५९ माणसांचा. त्याआधीच्या वर्षांत जगभरच्या कॅज्युअल्टींत ही ओळ वाचून किती इंजेक्शनं दिली गेली असतील, याचा हिशेब आता कुणालाच मांडता येणार नाही.

ती इंजेक्शनं देणाऱ्या डॉक्टरांनी हयगय केली नव्हती. उलट जो जास्त वाचत होता, पुस्तकाबरहुकूम वागत होता, त्याच्याच हातून हे घडण्याचा संभव अधिक होता. तातडीच्या उपचारांची ऑनलाइन संदर्भपुस्तिका सांभाळणाऱ्या लोकांचं काम समजून घ्यायचं तर इथून सुरुवात करावी लागते. नवी माहिती भरणं हा त्या कामाचा दिसणारा आणि सोपा भाग आहे. जुनी ओळ वेळेवर शोधून, ती जिथे जिथे शिरली असेल त्या प्रत्येक पानावरून खोडणं हा अवघड भाग. त्याबद्दल कुणी कुणाचा सत्कार करत नाही.

बाकीच्या वैद्यकीय पुस्तकांपेक्षा ही पुस्तिका वेगळी का, तर ती वाचली जाते त्या घडीमुळे. मधुमेहाच्या गोळ्या बदलायच्या तर डॉक्टरला संध्याकाळी घरी बसून वाचता येतं. रात्री दोन वाजता ग्रामीण रुग्णालयात जीपमधून उतरवलेल्या, तोंडाला फेस आलेल्या माणसाच्या बाबतीत ते शक्य नसतं. ड्युटीवर एकच मेडिकल ऑफिसर, सोबत एक सिस्टर, दाराशी आठ-दहा नातेवाईक. एक हात रुग्णाच्या नाडीवर आणि दुसऱ्या हातात फोन. त्या फोनच्या पडद्यावर जेवढं एका वेळी मावतं, तेवढंच खऱ्या अर्थाने वाचलं जातं. म्हणून चांगल्या पुस्तिकेत पहिल्या पडद्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं एवढंच असतं. रोगाचा इतिहास, पेशींमधल्या घडामोडी, वादविवाद हे सगळं खाली. हे दिसतं सोपं, पण लिहिणारा तज्ज्ञ असतो आणि तज्ज्ञाला सगळंच महत्त्वाचं वाटतं. संपादकाला त्याच्याशी रोज भांडावं लागतं.

खिशात मावणाऱ्या वैद्यकीय पुस्तिकेची कल्पना जुनी आहे. मर्क कंपनीचं मॅन्युअल १८९९मध्ये निघालं, तेव्हा ते १९२ पानांचं होतं. पुढे शंभरावर वर्षं त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. दोन आवृत्त्यांच्या मधल्या काळात पुस्तकात चूक सापडली, तर ती तशीच विकली जात राही. हे अंतर बुजवायचं म्हणून बर्टन रोझ या मूत्रपिंडतज्ज्ञाने १९९२मध्ये ‘अपटूडेट’ सुरू केलं. सुरुवातीला ते फ्लॉपी डिस्कवर मिळायचं. आज त्यासाठी हजारो डॉक्टर लिहितात, आणि वर्गणी भरल्याशिवाय ते उघडत नाही. दुसरी वाट फुकटवाल्यांची. ऑस्ट्रेलियात माइक कॅडोगन आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये ‘लाइफ इन द फास्ट लेन’ उभं केलं. कॅलिफोर्नियात हार्बर-यूसीएलए रुग्णालयातल्या निवासी डॉक्टरांच्या टिपणांतून २००९मध्ये ‘विकईएम’ झालं. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आपली उपचार-मार्गदर्शिका फोनवर एकदा उतरवून घेतली की नेटवर्क नसतानाही वाचता येईल, अशी ठेवते. आपल्याकडे तातडीचं वैद्यक हा एमडीचा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला तो २००९मध्ये. त्याआधीपासून कॅज्युअल्टी सांभाळणाऱ्या बहुतेकांनी हे शास्त्र सीनियरकडून, चुकतमाकत आणि अशाच पुस्तिकांतून उचललं आहे.

ऑनलाइन आलं म्हणजे ताजं आलं, असा एक समज आहे. तो खरा नाही. १९९२मध्ये एलियट अँटमन, थॉमस चामर्स आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या झटक्यावरची जुनी पाठ्यपुस्तकं आणि तज्ज्ञांचे लेख साल लावून मांडले आणि शेजारी त्या त्या सालापर्यंतचा पुरावा मांडला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने जीव वाचतात, हे १९७३पर्यंतच्या आठ चाचण्या एकत्र केल्या असत्या तर तेव्हाच दिसलं असतं. पण बहुतेक पुस्तकांत ते शिरायला ऐंशीचं दशक सरत आलं. दुसऱ्या बाजूला, झटका आलेल्या प्रत्येकाला खबरदारी म्हणून लिडोकेन द्यावं, ही शिफारस पुस्तकांत पुढे चालतच राहिली. त्याने मृत्यू कमी होतात असं कुठल्याच आकड्यांत दिसत नव्हतं. चांगली ओळ उशिरा आली आणि निरुपयोगी ओळ उशिरा गेली. २००७मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आणखी एक मोजमाप केलं. त्यांनी पुराव्यांचे शंभर पद्धतशीर आढावे घेतले आणि प्रत्येक आढावा किती दिवसांत शिळा होतो ते पाहिलं. निम्मे साडेपाच वर्षांत शिळे झाले, २३ टक्के दोन वर्षांतच, आणि ७ टक्के तर छापून आले त्याच दिवशी शिळे होते. ज्या आढाव्यांवर पुस्तिका उभी करायची, त्यांचीच ही गत. पान कागदावर आहे की काचेवर, याने त्यात काही फरक पडत नाही. रोज सकाळी उठून पानं तपासणारी माणसं आहेत की नाहीत, यानेच पडतो.

एक ओळ बदलायची म्हणजे किती पानं उघडावी लागतात, ते ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोष्टीतून कळतं. रक्ताची गुठळी टिकवून धरणारं हे स्वस्त औषध जपानमध्ये उताको आणि शोसुके ओकामोतो या डॉक्टर दांपत्याने १९६२मध्ये शोधलं. उताकोबाईंची तळमळ बाळंतपणातल्या रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांसाठी होती. जगाने त्याकडे नीट पाहिलं ते २०१०मध्ये, ‘क्रॅश-२’ चाचणीनंतर. अपघातातल्या २०,२११ रुग्णांवरच्या या चाचणीत औषधाने मृत्यू १६ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांवर आले. साहजिकच अपघाताच्या पानावर ओळ आली: रक्तस्राव असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड द्या. पुढच्याच वर्षी त्याच आकड्यांची बारीक छाननी झाली, आणि दिसलं की पहिल्या तासात दिलं तर फायदा सर्वांत जास्त, तीन तासांनंतर दिलं तर रक्तस्रावाने मरण्याचा धोका उलट वाढतो. ओळीला शेपूट जोडावं लागलं: तीन तासांच्या आत. २०१७मध्ये २०,०६० बाळंतिणींवरची ‘वुमन’ चाचणी आली आणि प्रसूतीच्या पानावर तशीच ओळ चढली. तिथेही तीन तास. उताकोबाईंना जे हवं होतं ते सिद्ध व्हायला पंचावन्न वर्षं लागली.

इथपर्यंत सगळं चढतं होतं. डॉक्टरांच्या मनात समीकरण पक्कं झालं की रक्त वाहतंय म्हणजे हे औषध. मग पोटातल्या, अन्ननलिकेतल्या रक्तस्रावासाठीही ते सर्रास वापरलं जाऊ लागलं. तिथे लहान चाचण्यांचा आधारही होता. २०२०मध्ये ‘हॉल्ट-इट’चे निकाल आले. १२,००९ रुग्णांत काहीच फायदा नाही, आणि शिरांमध्ये गुठळ्या होण्याचं व फिट येण्याचं प्रमाण मात्र जास्त. म्हणजे एकच औषध, दोन पानांवर ‘तीन तासांत जरूर द्या’ आणि तिसऱ्या पानावर ‘देऊ नका’. त्याशिवाय औषधाचं स्वतःचं पान, बालरोगाचं पान, रक्ताची उलटी या लक्षणाचं पान, ॲम्ब्युलन्समधल्या उपचारांचं पान. यांतल्या एकावर जरी जुनी ओळ राहिली, तर रात्री दोन वाजता नेमकं तेच पान उघडलं जाणार नाही याची खात्री कोण देणार? म्हणून मुरलेले संपादक औषधाचं नाव घेऊन अख्खी पुस्तिका चाळतात आणि कुठल्या पानावर काय म्हटलंय याची वही ठेवतात. अतिशय कंटाळवाणं काम आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या पुस्तिकेचा जीव त्या वहीत आहे.

आता आपल्या मातीतलं उदाहरण. लाल विंचू हा कोकणातला जुना वैरी. भाताच्या पेंढ्यात, लाकूडफाट्यात, चपलेत तो असतो. १९७६मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर रुजू झाले, तेव्हा विंचू चावलेली धडधाकट माणसं आणि मुलं त्यांच्यासमोर दम लागून, तोंडातून गुलाबी फेस येऊन मरत होती. पुस्तकं सांगत होती त्या औषधांनी, झोपेच्या मिश्र इंजेक्शनांनी, स्टिरॉइडने, ॲट्रोपिनने, काही साधत नव्हतं. बावस्कर रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी करत राहिले. दरदरून घाम, थंडगार हातपाय, उलट्या, चढलेला रक्तदाब आणि मग फुप्फुसात साचणारं पाणी, हा क्रम त्यांनी टिपला. विषामुळे ॲड्रेनलिनसारखी रसायनं शरीरात एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदय त्या दाबापुढे हरतं. मग आवळलेल्या वाहिन्या सैल करणारं प्राझोसिन, रक्तदाबासाठी मिळणारी साधी स्वस्त गोळी, त्यांनी वापरून पाहिली. त्यांचा आणि प्रमोदिनी बावस्करांचा त्यावरचा लेख १९८६मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांच्या नोंदींप्रमाणे गंभीर रुग्णांतले मृत्यू ४० टक्क्यांवरून एका टक्क्याच्या आसपास उतरले. २०११मध्ये ‘बीएमजे’मध्ये त्यांची महाडमधलीच चाचणी प्रसिद्ध झाली, ७० रुग्णांत प्राझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिली की रुग्ण लवकर सावरतो, असं तीत दिसलं. २०२२मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता हीच व्यथा घेऊन अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तिकेचं विंचवाचं पान उघडा. तिथला विंचू ॲरिझोनाचा. त्याचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालतं. डोळे गरगर फिरतात, हातपाय झटके देतात. त्यावर तिथे २०११मध्ये मान्यता मिळालेलं महागडं प्रतिविष आहे. पान अचूक आहे, ताजं आहे, आणि पोलादपूरच्या डॉक्टरला त्याचा उपयोग नाही. सापाचंही तेच. अमेरिकन पानावर रॅटलस्नेक, ऑस्ट्रेलियन पानावर अख्खा पाय दाबपट्टीने बांधण्याची रीत. आपली राष्ट्रीय मार्गदर्शिका सांगते की हाड मोडल्यासारखा अवयव स्थिर ठेवा, घट्ट काही बांधू नका, आणि दवाखाना गाठा. पुस्तिका सांभाळणाऱ्याने प्रत्येक पानाला विचारायला हवं की हे कुठल्या गावच्या रुग्णासाठी लिहिलंय. जगातल्या मोठ्या पुस्तिकांत विंचवाच्या पानावर प्राझोसिनचा उल्लेख आज सापडतो. तो आपोआप आला नाही, भारतीय डॉक्टरांनी लिहून लिहून तो आणला.

सर्पदंशाचं पान जरा जवळून पाहू, कारण या देशाला त्याची गरज फार आहे. २०००पासून २०१९पर्यंत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख मृत्यू झाले असावेत, असा ‘मिलियन डेथ स्टडी’चा अंदाज आहे, वर्षाला सरासरी ५८ हजार. समजा, आपल्याला हे पान दुरुस्त करायचं आहे. पहिली खोडायची ओळ ‘टेस्ट डोस’ची. एएसव्ही, म्हणजे सर्पविषाचं प्रतिविष, सुरू करण्याआधी थोडंसं कातडीत टोचून रिॲक्शन येते का पाहायचं, ही जुनी शिकवण. त्याने पुढची रिॲक्शन ओळखता येत नाही आणि वेळ मात्र जातो, म्हणून राष्ट्रीय मार्गदर्शिकेने ती काढली. तिच्या जागी लिहायचं की ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवा. दुसरी ओळ मुलांच्या मात्रेची. सगळी औषधं मुलांना वजनावर दिली जातात, त्यामुळे एएसव्हीही वजनावर द्यायची असं डॉक्टरच्या हाताला वाटतं. पण सापाने विष सोडताना समोरच्याचं वजन पाहिलेलं नसतं. मात्रा विषाला मारायची आहे, म्हणून मुलालाही मोठ्या माणसाइतक्याच व्हायल. हे वाक्य पानाच्या तळाशी टीपेत असलं तर निरुपयोगी. ते मात्रेच्या आकड्याला चिकटूनच हवं.

तिसरी जागा वीस मिनिटांच्या चाचणीची. घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठत नाही. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही: दोन मिली ताजं रक्त काचेच्या परीक्षानळीत घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदा नळी आडवी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलंय. ‘काचेच्या’ हा शब्द गाळला की चाचणी संपली, कारण प्लास्टिकच्या नळीत रक्त गोठायला नीट चालना मिळत नाही. नळी साबणाने धुतलेली असली तरी निकाल फसवतो, म्हणून ‘नवी, स्वच्छ, कोरडी’ हेही लिहायलाच हवं. पानाची लांबी कमी करणाऱ्या एखाद्या उत्साही संपादकाने हे तीन शब्द अनावश्यक म्हणून उडवले, तर पान सुटसुटीत होईल आणि साध्या रुग्णाला दहा व्हायल जातील.

आणि मग मण्यार. हा साप रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश दुखत नाही, दाताची खूणही अनेकदा सापडत नाही. पहाटे माणूस उठतो तो पोटात कळ येते म्हणून. दवाखान्यात तो पोटदुखीचा रुग्ण म्हणून येतो, ॲसिडिटीचं इंजेक्शन घेतो, आणि तासा-दोन तासांत पापण्या मिटायला लागतात, मग गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्याचा डॉक्टर सर्पदंशाचं पान उघडेल कशाला? त्याला साप ठाऊकच नाही. म्हणून मण्यारीची खरी जागा पोटदुखीच्या पानावर आहे: ‘पावसाळा, जमिनीवर झोपणारा रुग्ण, पहाटे अचानक पोटदुखी, पापण्या पाहा.’ पुस्तिका रोगांच्या नावांनी रचायची की रुग्ण ज्या तक्रारीने दारात येतो तिच्या नावाने, हा संपादकांतला जुना वाद आहे. मण्यारीने तो माझ्यापुरता निकालात काढला आहे.

शून्य आणि टिंब यांच्याबद्दल थोडं. औषधाची मात्रा १.० लिहिली आणि टिंब अंधुक दिसलं तर ती १० होते. ०.५ ऐवजी नुसतं .५ लिहिलं तर ५ होते. म्हणून औषध-सुरक्षेचा नियम असा की पूर्णांकापुढे टिंब-शून्य कधी लिहू नये आणि अपूर्णांकाआधी शून्य कधी गाळू नये. मायक्रोग्रॅमची खूण घाईत मिलिग्रॅमसारखी दिसते. दोघांत हजारपटीचा फरक, म्हणून तो शब्द पूर्ण लिहावा. ॲड्रेनलिनची बाटली पिढ्यान्‌पिढ्या ‘एकास हजार’ आणि ‘एकास दहा हजार’ अशा भाषेत ओळखली जायची, आणि घाईच्या वेळी हे गणित चुकायचं. अमेरिकेने २०१६पासून लेबलवरची ही गुणोत्तरं बंद करून मिलीमागे किती मिलिग्रॅम ते लिहायला लावलं. आपल्या कॅज्युअल्टीत जुनी भाषा अजून बोलली जाते, तेव्हा पानावर दोन्ही लिहावं लागतं: जीवघेण्या ॲलर्जीत मोठ्या माणसाला ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, मिलीमागे एक मिलिग्रॅमच्या म्हणजे एकास हजारच्या औषधाचे अर्धा मिली. असं वाक्य वाचायला जड जातं. तरी ते तसंच असू द्यावं.

काही ओळी मात्र खोडताही येत नाहीत आणि ठामपणे लिहिताही येत नाहीत. कीटकनाशकाच्या विषबाधेवर प्रालिडॉक्झिम द्यायचं का? २००६मध्ये बारामतीच्या डॉक्टरांची २०० रुग्णांवरची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये आली. भरपूर मात्रा सलग सलाईनमधून दिली की मृत्यू लक्षणीय घटतात, असा तिचा निकाल होता. हे रुग्ण मध्यम तीव्रतेचे आणि लवकर पोहोचलेले होते. २००९मध्ये श्रीलंकेतली २३५ रुग्णांवरची चाचणी आली, आणि तिथे काहीच फायदा दिसला नाही. आकडे उलट दिशेलाच झुकत होते. दोन्ही चाचण्या प्रामाणिक, दोन्ही आपल्यासारख्याच गरीब शेतकऱ्यांवरच्या. अशा वेळी संपादकाला मोह होतो तो एक बाजू निवडून पान नीटनेटकं करण्याचा. त्याने तसं करू नये. ॲट्रोपिन छाती मोकळी होईपर्यंत, दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत द्या, हे ठळक लिहावं, कारण त्यावर एकमत आहे. प्रालिडॉक्झिमच्या ओळीत दोन्ही निकाल आहेत तसे मांडावेत आणि निर्णय रुग्णाजवळच्या डॉक्टरवर सोडावा. २०१७मध्ये यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा झालेल्या शेतकऱ्यांनी रुग्णालयं भरली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना खोट्या ठामपणाची नव्हे, अशाच नेमक्या पानाची गरज होती.

ओळ खोडायला झालेला उशीर महाराष्ट्राने अंगावर सोसला तो कोविडमध्ये. प्लाझ्मा उपयोगी पडतो का, हे पाहायला आयसीएमआरनेच ‘प्लॅसिड’ ही चाचणी घेतली होती. ३९ रुग्णालयं, ४६४ रुग्ण. प्लाझ्माने मृत्यूही टळत नाही आणि आजाराचं गंभीर होणंही टळत नाही, असा तिचा निकाल ‘बीएमजे’मध्ये ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आला. अशी चाचणी आपल्या देशात, इतक्या लवकर झाली याचा अभिमान वाटायला हवा. पण राष्ट्रीय उपचारपत्रकातून प्लाझ्मा निघाला तो १७ मे २०२१ला. मधल्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली. पुण्या-मुंबईत, नागपुरात, नाशकात लोक आईसाठी, नवऱ्यासाठी प्लाझ्मा शोधत रात्र रात्र फोन करत होते, व्हॉट्सॲपवर रक्तगट फिरत होते, बरी झालेली माणसं रांगा लावून दान करत होती. त्या धावपळीतलं प्रेम खरं होतं. पत्रकातली ओळ वेळेवर खोडली असती तर ते प्रेम रुग्णाजवळ बसायला, ऑक्सिजन मिळवायला, निदान थोडं झोपायला कामी आलं असतं. त्याच वर्षात उलट उदाहरणही आहे. जून २०२०मध्ये डेक्सामेथासोनने गंभीर कोविड रुग्णांचे जीव वाचतात हे ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत दिसलं, आणि सप्टेंबरपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने सतत बदलत राहणारी, ‘जिवंत’ म्हणवणारी मार्गदर्शिका सुरू केली. स्टिरॉइडच ते, डोक्याच्या माराच्या पानावरून हद्दपार झालेलं, कोविडच्या पानावर पहिल्या ओळीत. वेगाने बदल करणं जमतं. त्यासाठी माणसं, पैसे आणि अधिकार एका जागी असावे लागतात.

आणि इतकं करूनही पुस्तिका सांभाळणाऱ्याच्या हाताबाहेर एक गोष्ट उरते: पानांच्या प्रती. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात भिंतीवरचा सर्पदंशाचा तक्ता मी बराच वेळ पाहत उभा होतो. लॅमिनेशनचा कोपरा सुटलेला. ‘टेस्ट डोस’ असं लिहिलेल्या ओळीवर लाल मार्करने आडवी रेघ, शेजारी तारीख आणि आद्याक्षरं. तिथल्या डॉक्टरांच्या फोनमध्येही त्याच मार्गदर्शिकेच्या वेगवेगळ्या वर्षांच्या पीडीएफ होत्या आणि फाइलच्या नावावरून नवी कोणती हे कळत नव्हतं. जुनी प्रत मरत नाही. ती फॉरवर्ड होत राहते, झेरॉक्स होते, कुणाच्या तरी कपाटात सापडते. त्यावर एकच तोड आहे: प्रत्येक पानावर, प्रत्येक पडद्यावर, स्क्रीनशॉटमध्येही कापली जाणार नाही अशा जागी तारीख. तीही नुसती ‘अद्ययावत’ म्हणून नव्हे. कुणी स्पेलिंग सुधारलं की यंत्र ती तारीख पुढे ढकलतं आणि सहा वर्षं कुणी न वाचलेलं पान कालचं वाटतं. शेवटचा बदल केव्हा, सगळं पान पुराव्याशी ताडून शेवटचं कुणी आणि केव्हा पाहिलं, आणि पुन्हा केव्हा पाहायचं, अशा तीन तारखा हव्यात. तिसरी तारीख उलटली की पानाच्या माथ्यावर तसं लाल अक्षरांत दिसायला हवं. आपलं पान शिळं झाल्याचं असं जाहीर करणं संपादकांना लाजिरवाणं वाटतं. मला त्या लाल पट्टीइतकं विश्वासार्ह दुसरं काही वाटत नाही.

हे सगळं करतं कोण? फुकट पुस्तिकांत बहुतेक ठिकाणी रात्रपाळी उरकून आलेले निवासी डॉक्टर. नव्या पानावर नाव येतं, म्हणून नवी पानं मिळतात. तपासणीला नाव नाही, बढतीत गुण नाहीत, म्हणून जुनी पानं पडून राहतात. महाराष्ट्रात यावर उपाय करता येईल अशी जागा आहे. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी राज्यातली वैद्यकीय महाविद्यालयं जोडलेली आहेत आणि एमडीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. त्यांतले बरेचसे प्रबंध कपाटात जातात. त्याऐवजी तातडीच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने तीन वर्षं एक पान सांभाळलं, त्यावरचा प्रत्येक बदल कारणासह नोंदवला, जाताना ते पुढच्याच्या हाती नीट सोपवलं, आणि हे प्रबंधाच्या बरोबरीचं धरलं गेलं, तर? २०१४पासून धावणाऱ्या १०८च्या ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतात, त्यांच्याही हाती तेच पान राहील. त्यांनी रस्त्यावर पाहिलेलं परत पानावर येईल.

सुरुवात थोड्या पानांनी करावी, जी बाहेरचं कुणी आपल्यासाठी नीट सांभाळणार नाही. विंचू, साप, फवारणीचं विष, विदर्भातला उष्माघात, पावसाळ्यातला लेप्टोस्पायरोसिस. आणि पॅराक्वाट. या तणनाशकाच्या पानावर पहिल्या पडद्यातच एक ओळ हवी, कारण प्रत्येक कॅज्युअल्टीत, प्रत्येक दम लागलेल्या रुग्णाला हात आपोआप ऑक्सिजनचा मास्क लावतो आणि पॅराक्वाटने जळत असलेलं फुप्फुस ऑक्सिजनने आणखी जळतं: रक्तातला ऑक्सिजन फारच खाली गेल्याशिवाय लावू नका. खाली तपासणाऱ्याचं नाव, आणि तीन तारखा.